लाखभर रुपये आणि मागे पडलेली पोरं: टीव्ही घ्यावा की ताई नेमावी?

माजी विद्यार्थ्यांनी गावच्या जिल्हा परिषद शाळेसाठी लाखभर रुपये जमवले, की शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पहिलं नाव निघतं स्मार्ट टीव्हीचं. साहजिकच आहे. टीव्ही भिंतीवर दिसतो, शेजारी देणगीदारांची पाटी लागते, उद्घाटनाला केंद्रप्रमुख येतात. चौथीत जाऊनही जोडाक्षरापाशी अडखळणाऱ्या सात-आठ पोरांना वाचायला आलं, तर त्याचा फोटो काय काढणार? पण वर्गणी मागताना नाव त्याच पोरांचं घेतलेलं असतं. तेव्हा स्मार्ट टीव्ही घेणं, की या पोरांना वाचायला शिकवण्यासाठी एखादी ताई मानधनावर नेमणं, या दोन पर्यायांचा हिशोब मांडून पाहू.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. दप्तरं, वह्या, कंपासपेट्या वाटण्यात हा पैसा घालवू नका. पुस्तकं, गणवेश, पोषण आहार यांची सोय सरकारी योजनांतून होते. ज्या मुलाकडे खरंच काही नाही, त्याला गुरुजींनी गुपचूप द्यावं. त्यासाठी मंडप घालायची गरज नाही. उरलं संयुक्त शाळा अनुदान, म्हणजे शाळेच्या रोजच्या खर्चासाठी सरकारकडून येणारी रक्कम. समग्र शिक्षा योजनेच्या दरानुसार ३१ ते १०० पटाच्या शाळेला ते वर्षाला २५,००० रुपये. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर, बाकीचे वीजबिल, खडू, कौलं, नळ यांतच संपतात. म्हणजे मागे पडलेल्या मुलांवर मोकळ्या हाताने खर्च करता येईल असा पैसा शाळेकडे बहुधा हा वर्गणीचाच.

टीव्हीविरुद्ध ताई हा वाद गावगप्पांवर सोडायची गरज नाही. साधारण अशीच तुलना २००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि वडोदरा इथल्या महापालिका शाळांत झालेली आहे. शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’ या संस्थेने वस्तीतल्याच तरुण मुली ‘बालसखी’ म्हणून नेमल्या. तिसरी-चौथीत जी मुलं मागे होती, त्यांना शाळेच्याच वेळेत रोज दोन तास बाजूला घेऊन त्या अक्षरओळख, वाचन, बेरीज-वजाबाकी करून घेत. वडोदऱ्यात त्याच काळात चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले गेले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्हींचं मोजमाप केलं. या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

टीव्हीवाल्यांच्या बाजूने जे खरं आहे ते आधी सांगतो. गणितात संगणकाने मुलं चांगलीच पुढे गेली, बालसखीपेक्षाही जास्त. भाषेत मात्र त्याचा उपयोग झाला नाही. आणि खर्च? बालसखीचा वर्षाला मुलामागे सुमारे सव्वादोन डॉलर, संगणकाचा सुमारे पंधरा. त्या वेळच्या दराने शंभरेक रुपये विरुद्ध सातशे. एका रुपयाला किती शिकणं पदरात पडतं हे पाहिलं, तर बालसखी कितीतरी पुढे. शिवाय फायदा झाला तो तिच्याकडे पाठवलेल्या मुलांना, म्हणजे ज्यांच्यासाठी ती होती त्यांनाच.

पण मुळात स्मार्ट टीव्ही म्हणजे तो संगणक नव्हे. वडोदऱ्यात एका संगणकापुढे दोन मुलं बसत आणि मुलाला जसं जमेल तसं गणित पुढे सरके. चाळीस मुलांपुढच्या पडद्यावर चौथीचा धडा चौथीच्याच वेगाने पळतो. ज्याला दुसरीचं वाचता येत नाही, त्याच्यासाठी तो फळ्यासारखाच, फक्त रंगीत. आणि ते संगणकही सरकारने शाळांना आधीच दिलेले होते; फारच थोड्या शाळांत ते वापरात होते. फडकं टाकून झाकलेला टीव्ही मी स्वतः एकाहून जास्त शाळांत पाहिला आहे. कुठे स्टॅबिलायझर नाही, कुठे वीज तोडलेली, कुठे चोरीच्या भीतीने तो मुख्याध्यापकांच्या खोलीत.

म्हणून ताईच्या बाजूने माझं मत, पण सरसकट नाही. नुसतं माणूस नेमून भागत नाही. इंग्लंडमध्ये वर्गात शिक्षकाच्या जोडीला मदतनीस असतात, पण तिथल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं की नियोजनाशिवाय त्यांना कच्च्या मुलांशेजारी बसवून ठेवलं, तर ती मुलं उलट कमीच पुढे जातात. शिक्षकाचं लक्ष उडतं आणि मदतनीस उत्तरंच सांगून टाकतो. आपल्याकडेही ताईला शाळेत घेतलं की तिच्या माथी पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं आणि रजेवरच्या बाईंचा वर्ग येणारच. ठराव करतानाच लिहा की ती हे करणार नाही.

दुसरा सापळा वेळेचा. उत्तर प्रदेशात जौनपूरला गावातल्या स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनवर्ग घेतले. जी मुलं आली ती वाचायला लागली, पण आलीच थोडी. वर्ग शाळेच्या वेळेतच हवा. आणि तो एका वर्षापुरता नको, कारण बालसखीचा परिणामही कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात बराच ओसरला होता.

ऊसतोडीचं गाव असेल तर हे सगळं आणखी बदलतं. सगळ्यात मागे पडलेली पोरं दिवाळीनंतर आई-बापांबरोबर फडावर असतात. त्यांच्यासाठी टीव्हीही नाही आणि ताईही नाही. समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत असं कायदा सांगतो, पण डिसेंबरच्या बैठकीला हे पालक कुठून येणार? तिथे ताईचे महिने जून ते ऑक्टोबर धरावेत, शिवाय मुलं परत आल्यावर एप्रिल. मधल्या काळात मूल गावात राहील यासाठी हंगामी वसतिगृहाचा पाठपुरावा करावा, किंवा आजीकडे ठेवलेल्या मुलाचं रात्रीचं जेवण उचलावं.

आकडा मांडायचा तर महिना ३,००० मानधनाने दहा महिन्यांचे ३०,०००. अक्षरकार्डं, गोष्टींची पुस्तकं यांना पाच-सात हजार. लाखात जवळजवळ तीन वर्षं भागतात. जूनमध्ये प्रत्येक मुलाची चाचणी घ्या: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी तो कुठे आहे. दिवाळीपूर्वी पुन्हा घ्या आणि दोन्ही आकडे माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका.

आणि टीव्ही आधीच येऊन बसला असेल तर? द्विशिक्षकी शाळेत त्याचा एक उपयोग मला पटतो. ज्यांना वाचता येतं त्यांना अर्धा तास त्याच्यापुढे बसवा, आणि तेवढ्या वेळात गुरुजींनी बाकीच्या सात जणांना घेऊन ओसरीवर बसावं.