डिंक्यासाठी बोर्डो की स्यूडोमोनास?

जालना-अंबडकडच्या मोसंबीवर डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, दिसला की हात आधी बोर्डो पेस्टकडेच जातो. १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. साल खरवडून लावली की खोडावरचा फायटोप्थोरा, म्हणजे या रोगाची बुरशीसारखी कीड, थांबतो. मुळांपर्यंत मात्र ती पोचत नाही.

तिथं स्यूडोमोनास. हा जिवाणू मुळांभोवती वस्ती करतो, मातीतलं लोह आधीच पळवून बुरशीला उपाशी ठेवतो. पण तो रोगाआधी द्यायचा, शेणखतातून, ओल असताना. मेच्या तापल्या रानात टाकला तर पैसे मातीत! पाकीटही ताजं हवं; बॅसिलस हा दुसरा जिवाणू बीजाणू करून तग धरतो, स्यूडोमोनास नाही.

डिंक गळणाऱ्या झाडाला मी बोर्डोच लावेन, नव्या लागवडीला जिवाणू. दोन्ही करताय? मोरचुदाचं पाणी आळ्यात उतरू देऊ नका, जिवाणूही मरतात.