गोसाईंकुंडचं हेलिकॉप्टर: नेपाळला ट्रेकला जाण्याआधी हे वाचा

लांगटांग-गोसाईंकुंड ट्रेकला जायचा विचार असेल, आणि त्यातही घरातली साठीची माणसं बरोबर असतील, तर एवढं वाचून मग पैसे भरा. गरज नसलेल्या हेलिकॉप्टरपायी आमचे सव्वातीन लाख रुपये तिथे गेले. कुणी खिसा कापला नाही. रीतसर सही घेऊन, पावती देऊन, हॉस्पिटलच्या काउंटरवर कार्ड स्वाइप करून घेतले. एजन्सीचं नाव इथे लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. पण नाव कळूनही फार उपयोग नाही, एकाच एजन्सीचा हा उद्योग नाही.

आम्ही तिघं होतो: ताई, दाजी आणि मी. दाजी सह्याद्रीत आयुष्यभर हिंडलेले, पण चार हजार मीटरवर कधी गेलेले नव्हते. म्हणून मार्ग मुद्दाम सावकाश चढणारा निवडला होता. काठमांडूहून बसने स्याफ्रुबेसी, साधारण १,५०० मीटर. तिथून लांगटांग खोऱ्यात शिरायचं, लामा होटेल, घोडातबेला, ३,४३० मीटरवरचं लांगटांग गाव, ३,८७० मीटरवरचं क्यांजिन गोम्पा. तिथे मुक्काम, विश्रांती. मग खाली उतरून ठुलो स्याफ्रुमार्गे चंदनबारी आणि अगदी शेवटी ४,३८० मीटरवरचं गोसाईंकुंड हे पवित्र तळं. असं केलं की कुंडापर्यंत पोचेस्तोवर शरीराला विरळ हवेची सवय झालेली असते. हा कार्यक्रम एजन्सीने ईमेलवर लिहून दिला होता आणि त्यावरच आम्ही आगाऊ रक्कम पाठवली होती.

काठमांडूत, ठमेलमधल्या त्यांच्या ऑफिसात, निघायच्या आदल्या संध्याकाळी तो बदलला. स्याफ्रुबेसीच्या अलीकडे दरड कोसळली आहे, रस्ता बंद आहे, तेव्हा उलटं करू, असं सांगितलं. आधी धुन्चेला उतरून गोसाईंकुंड, रस्ता सुरू झाला की लांगटांग. ऑक्टोबर महिना, पाऊस नुकताच संपलेला, त्यामुळे दरडीची गोष्ट खरी वाटण्यासारखीच होती.

आता हे आकडे नीट बघा. धुन्चे दोन हजार मीटरच्या आसपास. पहिल्या दिवशी चंदनबारी, ३,३३० मीटर. दुसऱ्या दिवशी थेट कुंड, ४,३८० मीटर. तीन हजारांच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा डोंगरातला सर्वमान्य नियम. इथे एका दिवसात हजाराहून जास्त. वाटेत ३,९०० मीटरवर लौरीबिना लागतं, तिथे मुक्काम करू म्हणून मी आधीच सांगितलं होतं. गाईड म्हणाला, लॉज फुल आहे. दुपारी आम्ही तिथून गेलो तेव्हा लॉजच्या अंगणात गाद्या उन्हात टाकलेल्या होत्या आणि बाकांवर एक माणूस नव्हता. थांबू म्हटलं तर म्हणाला, “आगे बुकिंग है, दिदी.”

जनै पूर्णिमेला, म्हणजे आपल्या नारळी पौर्णिमेला, गोसाईंकुंडला मोठी जत्रा भरते. हलाहल प्यायल्यावर अंगाचा दाह शमवायला शंकराने त्रिशूळ मारून इथे पाणी काढलं अशी श्रद्धा आहे. हजारो भाविक याच वाटेने घाईघाईने वर चढतात आणि त्यातल्या पुष्कळांना उंचीचा त्रास होतो. नेपाळी डॉक्टरांनी या यात्रेकरूंवर अभ्यास केलेले आहेत. म्हणजे धुन्चेकडून घाईने चढवलं की काय होतं, हे तिथल्या प्रत्येक गाईडला तोंडपाठ असतं.

संध्याकाळी दाजींचं डोकं दुखायला लागलं, जेवण जाईना, एकदा उलटी झाली. त्या उंचीवर, त्या वेगाने चढल्यावर हे व्हायचंच. गाईडने खिशातून ऑक्सिमीटर काढला, बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी मोजणारं यंत्र. दाजी तेव्हा बाहेर उभे होते, हातमोजे काढलेले, बोटं गारठून पांढरी पडलेली. आकडा आला ७१. त्याने तो आम्हा सगळ्यांना दाखवला, मोबाइलवर फोटो काढला आणि यंत्र परत खिशात. मी दाजींना आत नेलं, चुलीपाशी बसवलं, गरम पाण्याचा पेला हातात धरायला दिला. थोड्या वेळाने पुन्हा मोजायला लावलं. ८४. थंड बोटावर हे यंत्र खोटं कमी दाखवतं, आणि ४,४०० मीटरच्या आसपास ऐंशीच्या घरातला आकडा धडधाकट माणसाचाही येतो. या दुसऱ्या आकड्याचा फोटो मात्र त्याने काढला नाही.

“सर को लेक लग गया. रात में कुछ हुआ तो मेरी ज़िम्मेदारी नहीं,” असं तो ताईकडे बघून म्हणाला. ‘लेक लागणं’ म्हणजे उंचीचा त्रास होणं. माझ्याकडे किंवा दाजींकडे नाही. पुढचं वाक्यही तिलाच: “इन्शुरन्स है ना? आपका एक पैसा नहीं लगेगा.” ताई रात्रभर बसून होती. दाजी म्हणत होते, “अगं, दोन तास खाली उतरलो की मोकळा होईन मी.” तेच खरं औषध होतं. उंचीच्या त्रासावर पहिला उपाय खाली उतरणं.

सकाळी दाजींनी सूप घेतलं, डोकेदुखी बरीच कमी झाली होती. मी त्यांना फरशीच्या रेषेवर टाचेला बोटं लावत चालायला सांगितलं, सरळ चालले. मेंदूला सूज येत असेल तर माणसाचा इथे तोल जातो. आम्ही चंदनबारीला उतरायचं ठरवलं, तर गाईड म्हणाला, हेलिकॉप्टर काठमांडूहून निघालं आहे. आम्हाला न विचारता त्याने ते पहाटेच बोलावलं होतं. “अब कैन्सल किया तो पूरा पैसा आपको भरना पड़ेगा, इन्शुरन्स भी नहीं देगा.” सगळ्या फसवणुकीची किल्ली या एका वाक्यात आहे. भीती दाखवून हो म्हणवता आलं नाही, तर पैशाचा धाक घालायचा. आणि हे वाक्य खोटं आहे. तुम्ही सही केलेली नसेल, बोलावलेलं नसेल, तर परत पाठवलेल्या हेलिकॉप्टरचं बिल तुमचं नाही.

हेलिकॉप्टर उतरलं तेव्हा त्यात आधीच दोन गोरी मुलं सॅकसकट बसलेली होती, कुठल्या तरी दुसऱ्या ठिकाणाहून उचललेली. दाजी स्वतःच्या पायांनी, काठीसुद्धा न घेता चालत गेले. ताईने त्याचा व्हिडिओ काढला. ताई, दाजी आणि “कागदपत्रांसाठी” गाईड असे तिघं चढले आणि जागा संपली. मी पोर्टरबरोबर मागे राहिले.

पोर्टर ठुलो स्याफ्रूचा, तिथल्या तामाङ समाजातला मुलगा. आम्ही दिवसभर उतरत अंधाराच्या सुमाराला त्याच्या गावात पोचलो. गावाच्या तोंडाशी ‘मणी’ची, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत आहे, ती उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं. घराघरावर प्रार्थनेच्या पताका. ज्या लॉजवर त्याने नेलं, तिथल्या दिदीने मीठ-लोण्याचा चहा पुढे ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, “सर चलकर गया या उठाकर?” चालत गेले म्हटल्यावर ती पोर्टरकडे बघून नेपाळीत काहीतरी बोलली आणि त्याने मान खाली घातली. त्याच लॉजवर फ्रान्सचं एक जोडपं होतं, कालच बसने स्याफ्रुबेसीला आलेलं. कसली दरड, कसला बंद रस्ता? गेल्या आठवड्याभरात एक दिवसही बस चुकली नव्हती.

मग पोर्टर बोलला. प्रत्येक उड्डाणामागे गाईडला आणि एजन्सीला हिस्सा मिळतो. हेलिकॉप्टर कंपनी देते, हॉस्पिटलही देतं. ट्रेक मध्येच संपला की त्याची मजुरी मात्र तिथेच थांबते, उरलेल्या दिवसांचं काही मिळत नाही. दिदीचं म्हणणं आणखी वेगळं होतं. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात लांगटांग गावावर अख्खा कडा आणि बर्फ कोसळून गाव गाडलं गेलं. शेकडो माणसं गेली, उरलेल्यांनी कर्ज काढून लॉज पुन्हा उभे केले. ट्रेकर वरच्या वर उडून गेले की ते कर्ज फिटत नाही. मला हे आमच्या पैशांपेक्षा जास्त लागलं. आम्ही ज्या गावांसाठी निघालो होतो, त्या गावांत एक रुपया खर्च न करता आमचे लाखो रुपये काठमांडूत जिरले.

तिकडे ताई-दाजींचं काय झालं? विमानतळावर अँब्युलन्स उभीच होती. दाजींना बळेच व्हीलचेअरवर बसवलं, नियम आहे म्हणून. काठमांडू १,४०० मीटरवर आहे, उतरल्याबरोबर उरलीसुरली डोकेदुखीही थांबली होती. तरी सलाइन, ऑक्सिजन, तपासण्यांची रांग आणि दोन रात्री ॲडमिट. कागदपत्रं काउंटरवर ठेवून घेतली. विमा कंपनीला पाठवलेल्या अहवालात दाजी गोंधळलेल्या अवस्थेत होते आणि त्यांना चालता येत नव्हतं, असं लिहिलेलं. विमा कंपनीच्या डॉक्टरांनी फोन केला तेव्हा दाजींनी जे झालं ते खरं सांगितलं. कंपनीने कॅशलेस नाकारलं: उड्डाणाआधी त्यांच्या मदत क्रमांकावर कळवलेलं नाही आणि वैद्यकीय गरज दिसत नाही. मग हॉस्पिटल म्हणालं, बिल भरा, कागदपत्रं घ्या. आणि हेलिकॉप्टरचं बिल? एकट्या दाजींच्या नावावर, पूर्ण चार्टरचं. त्या दोन मुलांच्या विमा कंपन्यांनाही बहुधा तेवढंच पूर्ण बिल गेलं असणार.

हा प्रकार नवा नाही. २०१८ मध्ये नेपाळच्या पर्यटन मंत्रालयाच्या चौकशीत हेलिकॉप्टर कंपन्या, ट्रेकिंग एजन्सी आणि हॉस्पिटलं यांची हीच साखळी बाहेर आली होती. नेपाळचा ट्रेकिंग विमाच बंद करू, असा इशारा परदेशी विमा कंपन्यांनी दिला, नवे नियम झाले. तरीही आमच्यावर ही वेळ आली.

याची चुणूक खरं तर परमिटच्या वेळीच मिळाली होती. लांगटांग राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क इतर परदेशी लोकांना ३,००० नेपाळी रुपये, सार्क देशांच्या नागरिकांना १,५००. आमच्याकडून माणशी तीन हजार घेतले, तेही भारतीय. भारताचा एक रुपया म्हणजे नेपाळचा १.६०, म्हणजे साडेनऊशेच्या आत होणाऱ्या कामाचे तिपटीहून जास्त. तिथे कुणी नुसतं “तीन हजार” म्हणालं की आधी विचारा, आयसी की एनसी, म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी? आणि परमिटची पावती स्वतःच्या हातात घ्या, त्यावर रक्कम छापलेली असते.

जाणार असाल तर मार्गाचा क्रम आणि प्रत्येक मुक्कामाची उंची करारात लिहून घ्या, आणि ऐन वेळी बदलला तर दुसऱ्या कुणाकडून, बस स्टँडवरच्या माणसाकडून का होईना, खात्री करून घ्या. विम्याची पॉलिसी किती मीटरपर्यंत लागू आहे ते वाचा, आणि त्यांचा मदत क्रमांक गाईडकडे न देता स्वतःच्या फोनमध्ये ठेवा, नेपाळी सिमकार्डासकट. हेलिकॉप्टरला हो म्हणायच्या आधी फोन तुम्ही स्वतः करायचा. कोऱ्या किंवा न कळणाऱ्या फॉर्मवर सही नाही. ऑक्सिमीटर स्वतःचा न्या, हजार-दीड हजारात मिळतो, आणि बोट ऊबदार करून मोजा.

पण एक गोष्ट मनापासून सांगते, हे वाचून हेलिकॉप्टरला घाबरून बसू नका. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्याबरोबर फेस येत असेल, माणूस असंबद्ध बोलत असेल किंवा सरळ चालता येत नसेल, तर एक मिनिट घालवू नका. ताबडतोब खाली न्या, आणि नेता येत नसेल तर हेलिकॉप्टर बोलवा. तिथे पैशाचा हिशेब करायचा नसतो. आमच्या दाजींना यातलं एकही लक्षण नव्हतं.

काठमांडूत भृकुटीमंडपला पर्यटक पोलिसांकडे आम्ही लेखी तक्रार दिली, ताईचा व्हिडिओ, दरडीबद्दलचे एजन्सीचे मेसेज आणि मूळ ईमेलच्या प्रतींसह. इकडे विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज केला, नकार कायम राहिल्यावर पुण्याच्या विमा लोकपालांकडे गेलो. तिथे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही, फक्त कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. आमची सुनावणी अजून व्हायची आहे. निकाल काहीही लागला तरी तोही लिहीन.