स्टीम डेक ओलेड: घ्यावा की नाही?

ज्यांनी स्टीम या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन दुकानातून आधीच पाचपन्नास खेळ विकत घेऊन ठेवले आहेत, त्यांनी स्टीम डेक ओलेड हा हातात धरून खेळायचा छोटा संगणक जरूर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण तेच खेळ पुन्हा पैसे न मोजता हातात येतात. ७.४ इंची ओलेड पडद्यावरचा काळा रंग खरोखर काळाभोर दिसतो, आणि खेळ अर्ध्यावर असताना वरचे बटण दाबून यंत्र झोपवले, तरी दुसऱ्या दिवशी तो नेमका त्याच क्षणापासून पुढे सुरू होतो. नोकरी-संसार सांभाळून खेळणाऱ्याला याचे मोल फार आहे. वजन मात्र ६४० ग्रॅम असल्याने आडवे पडून खेळताना मनगटे भरून येतात. केवळ ऑनलाइन स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्यांनी थांबावे, कारण त्यांतील काही खेळ फसवणूकरोधक प्रणालीमुळे या यंत्रातल्या लिनक्स कार्यप्रणालीवर चालतच नाहीत.