सिंहाच्या कातड्यातील गाढव: एका जुन्या व्यंगचित्राची खरेदी आणि चौकट

न्यू जर्सीत आमच्या गावी जुनी छापील चित्रे आणि नकाशे विकणारे एक छोटे दुकान आहे. 'हार्पर्स वीकली' या साप्ताहिकाच्या ७ नोव्हेंबर १८७४ च्या अंकातील थॉमस नास्ट यांच्या व्यंगचित्राचे मूळ पान तिथे आल्याचे कळताच मी ते विकत घेतले आणि चौकटही तिथेच करून घेतली. पानाबद्दल मी पूर्ण समाधानी आहे. चौकटीच्या कामाबद्दल मात्र तक्रार आहे.

अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षाचे चिन्ह म्हणून हत्ती ज्या चित्रामुळे रूढ झाला, तेच हे चित्र. दोनदा निवडून आलेले अध्यक्ष युलिसिस ग्रँट १८७६ मध्ये तिसऱ्यांदा उभे राहून हुकूमशहा होऊ पाहत आहेत, अशी हाकाटी 'न्यूयॉर्क हेरल्ड'ने चालवली होती. नास्ट यांनी त्या वृत्तपत्राला सिंहाचे कातडे पांघरलेले गाढव केले, कातड्यावर 'सीझरशाही' (म्हणजे हुकूमशाही) असे लिहिले आणि त्याच्या भीतीने सैरावैरा पळणारी जनावरे काढली. पंचतंत्रातले वाघाचे कातडे पांघरलेले गाढव ज्याने लहानपणी ऐकले आहे, त्याला यातली खोच सांगावी लागत नाही. बिथरलेला हत्ती म्हणजे रिपब्लिकन मते, आणि तो खड्ड्याच्या अगदी तोंडाशी आला आहे. तिकडे पक्षाच्या जाहीरनाम्यातील कलमांना 'फळ्या' म्हणतात, म्हणून खड्ड्यावर फळ्याच टाकलेल्या दिसतात आणि त्या हत्तीच्या पायाखाली निसटत आहेत. नास्ट स्वतः रिपब्लिकन पक्षाचे कट्टर समर्थक होते, त्यामुळे या चित्रात मला टिंगलीपेक्षा आपल्या माणसांबद्दलची काळजी अधिक दिसते. ती काळजी खरी ठरली: १८७४ च्याच नोव्हेंबरातील निवडणुकीत अमेरिकी संसदेचे कनिष्ठ सभागृह, म्हणजे प्रतिनिधिगृह, विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेले आणि त्याच महिन्यात नास्ट यांनी हत्ती खड्ड्यात पडलेला दाखवला.

पान साधारण ११ इंच रुंद आणि १६ इंच उंच आहे. दीडशे वर्षांनंतरही कागद लवचीक आहे, कडांना थोडा तपकिरी रंग चढला आहे, इतकेच. दुकानदारांनी न सांगता भिंग पुढे केले आणि चित्रातून जाणारी केसाएवढी पांढरी रेघ दाखवली. त्या काळी अनेक लहान लाकडी ठोकळे एकत्र जोडून त्यावर चित्र कोरत, आणि घाई असल्यास ते सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांत वाटून देत. ही रेघ त्या जोडाची. छापील पुस्तकात हेच चित्र मी अनेकदा पाहिले होते, पण ती रेघ कधी लक्षात आली नव्हती. पान विकण्याआधी ग्राहकाला ते असे वाचायला शिकवणारा दुकानदार मला फार मोलाचा वाटतो.

चौकट हाती आली तेव्हा मात्र वाईट वाटले. काचेखालच्या पुठ्ठ्याची खिडकी चित्राला अगदी चिकटून कापली होती, त्यामुळे खालचा मजकूर पूर्ण झाकला गेला होता. गाढवाची गोष्ट त्याच मजकुरात आहे. तो नसेल तर प्राणिसंग्रहालयात गोंधळ उडाल्याचे चित्र उरते. शिवाय मागे चिकटवलेल्या माहितीपत्रकावर गाढव म्हणजे डेमोक्रॅटिक पक्ष असे छापले होते. त्या पक्षाला नास्ट यांनी या चित्रात कोल्ह्याचे रूप दिले आहे. गाढव त्या पक्षाशी पुढे इतके घट्ट जोडले गेले की आता लोक आधीच्या चित्रांतही तेच पाहतात. राजकीय व्यंगचित्र तारीख आणि मजकुरासकटच पाहायला हवे, असा माझा आग्रह याचसाठी आहे.

मी दोन्ही गोष्टी दाखवल्यावर दुकानदारांनी वाद घातला नाही. आठवड्याभरात नवा पुठ्ठा कापून दिला, माहितीपत्रक बदलले आणि जादा पैसेही घेतले नाहीत. या दुकानातून पान जरूर घ्यावे. फक्त पुठ्ठा कापण्याआधी तो पानावर ठेवून घ्यावा आणि अंकाची तारीख व चित्राखालची शेवटची ओळ उघडी राहते ना, हे स्वतः पाहावे.