नागपूरचं ऊन की समुद्राचा घाम: पेनांग, वालेन्सिया आणि मॉरिशस

त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या एका काका-काकूंचं गेल्या उन्हाळ्यापासून एकच पालुपद आहे: "आता समुद्राकाठी जाऊन राहू बाप्पा, परदेशात." काका 61 चे. नोकरी संपली, पण आठवड्यातून दोन दिवस जुन्या ओळखीच्या कंपन्यांची ड्रॉइंग्ज तपासून देतात. काकू 57 च्या. रोज संध्याकाळी 7 ते 8.30 त्यांचा दहावीच्या गणिताचा ऑनलाइन क्लास असतो. म्हणजे दोघंही अर्धे निवृत्त, आणि खरी मेख इथंच आहे. बहुतेक देशांचे व्हिसा एकच विचारतात: तुम्ही कमावणारे की बसून खाणारे? दोन्ही थोडं थोडं, असा रकाना फॉर्मवर नसतो. त्यांच्यासाठी मी तीन ठिकाणांची यादी केली: पेनांग, वालेन्सिया आणि मॉरिशस.

त्याआधी उकाड्याचं बोलू, कारण नागपूरकर इथं हमखास फसतो. "आम्ही 45-46 काढतो, आम्हाला 32 चं काय कौतुक?" असं काकाही म्हणाले. आपलं ऊन कोरडं असतं. खसच्या ताटीवर पाणी मारलं की खोली गार होते, कारण कोरडी हवा ते पाणी पिऊन टाकते. मलेशियातल्या पेनांगला बारा महिने दिवसा 31-32 आणि रात्री 24-25 अंश. आकडा मवाळ, पण हवाच ओली. तिथं कूलर म्हणजे नुसता आवाज करणारा पंखा. एसीशिवाय गत्यंतर नाही, आणि हिवाळा नावाची सुटका कधीच येत नाही. स्पेनमधलं वालेन्सिया ऑगस्टमध्ये तिशी ओलांडून चिकचिकतं, पण जानेवारीच्या रात्री 7-8 अंशांवर येतात. शालीवर भागणार नाही, घर गरम ठेवायचा खर्च धरा.

आता कागदपत्रं. पेनांगसाठी मलेशियाची 'माय सेकंड होम' योजना आहे. 2024 पासून तिच्या सिल्व्हर गटाला दीड लाख डॉलरची मुदत ठेव आणि किमान 6 लाख रिंगिटचं घर लागतं. रुपयांत दोन्ही मिळून अडीच कोटींच्या वर जातं. एवढं ओतूनही त्या गटात काम करायची मुभा नाही. भारतातून माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, पण अशा खर्चासाठी 10 लाखांपुढच्या रकमेवर बँक 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो पुढे करात वळता होतो, तोवर पैसा अडकतो. त्रिमूर्तीनगरातलं राहतं घर विकून तिथं फ्लॅट घेणं मला तरी धाडस वाटतं.

वालेन्सियाला घर विकत घ्यायची अट नाही. न कमावणाऱ्यांच्या व्हिसासाठी जोडप्याला महिन्याला साधारण 3,000 युरोचं उत्पन्न दाखवावं लागतं, आणि मग काम बंद, ऑनलाइनसुद्धा. काकूंचा क्लास तिथंच संपला. दुरून काम करणाऱ्यांसाठी 2023 पासून वेगळा व्हिसा आहे, पण त्याला स्पेनबाहेरच्या कंपनीशी किंवा ग्राहकाशी असलेलं काम कागदोपत्री सिद्ध करावं लागतं. काकांचं कदाचित जमेल. महिन्याच्या फीवर चालणारी शिकवणी कशी बसवायची, हे कोडंच आहे. शिवाय वर्षात 183 दिवसांपेक्षा जास्त राहिलात की स्पेन जगभरच्या उत्पन्नावर कर मागतं. शहर मात्र जीव लावणारं. 1957 च्या पुरानंतर तुरिया नदीचं पात्र शहराबाहेर वळवलं आणि जुन्या पात्रात कित्येक किलोमीटर लांब बाग केली. काकांच्या सकाळच्या फिरण्याला याहून चांगली जागा नाही. पण ऑक्टोबर 2024 च्या पुरात त्याच प्रांतात दोनशेहून जास्त माणसं गेली, तेव्हा घर बघताना तळमजला टाळा.

मॉरिशस मी आधी गमतीत यादीत घातलं होतं, आता तेच पहिलं ठेवलंय. पन्नाशीपुढच्या निवृत्तांसाठी तिथं वेगळा परवाना आहे, पण आपल्या जोडीला प्रीमियम व्हिसा जास्त जुळतो. तो 2020 मध्ये 1,500 डॉलर मासिक उत्पन्नाच्या अटीवर सुरू झाला. मुदत वर्षाची, पुढे वाढवता येते. उत्पन्न मॉरिशसबाहेरून यायला हवं, आणि इथं ते नागपुरातूनच येणार आहे.

घड्याळही जुळतं. काकूंचा 7 चा क्लास मॉरिशसला साडेपाचला सुरू होईल. पेनांगला तोच साडेनऊला लागेल, म्हणजे संपेपर्यंत अकरा. वालेन्सियात दुपारी अडीच किंवा साडेतीन, जेव्हा अख्खं गाव जेवून आडवं झालेलं असतं.

गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजुरीसाठी गेलेल्यांचे वंशज गणपती बसवतात. मात्र घरात ते बहुतेक तिथली क्रिओल भाषा बोलतात, तेव्हा मराठी गप्पांच्या भरवशावर जाऊ नका. दवाखान्याच्या बाबतीत पेनांग सरस; तिथल्या खासगी हॉस्पिटलांत इंडोनेशियातून रुग्ण येतात. मॉरिशसचे लोक मोठ्या उपचारासाठी पुष्कळदा भारत गाठतात. काकांची शुगर आहे, म्हणून ही बाजू हलकी धरू नये. आपली आरोग्य विमा पॉलिसी परदेशात चालते का, हे आधी लेखी घ्या. बहुतेक चालत नाहीत. जेवणाचं विचारू नका. सावजी मसाला कुठंही बॅगेतूनच जाणार.

मॉरिशस निवडायचं खरं कारण ऋतूंचं आहे. ते विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यानं मे ते ऑक्टोबर तिथला सौम्य हिवाळा, आणि चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. म्हणजे आपला मे तिकडे काढायचा, आणि तिकडे वादळं सुरू व्हायच्या आत हुरडा-संत्र्याच्या दिवसांना नागपूर गाठायचं. घर विकायला नको, क्लास बंद करायला नको. फक्त दिवस मोजा: 1 मे ते 31 ऑक्टोबर म्हणजे 184 दिवस बाहेर आणि भारतात 181, आणि आयकरात 182 दिवसांना महत्त्व आहे. म्हणून भारतातले दिवस 182 च्या वर राहतील असं बघून मेच्या पहिल्या आठवड्यानंतर निघा, दिवाळीच्या साफसफाईच्या सुमारास परत या. तारखा ठरवण्याआधी सीएला दाखवा.

पहिल्या वर्षी दोनच महिने भाड्याच्या घरात राहून बघा, असं मी सुचवलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि कूलर?" पाणी काढून, कोरडा करून, झाकून ठेवा. पावसाळाभर पाणी साचलं, तर शेजारी डेंग्यूसाठी तुम्हालाच फोन करतील.