न्हाणीमागच्या ओल्या जागेत काय लावाल: वेखंड की अळू?

भाचीने कोकणातल्या जुन्या घराच्या परसाचा फोटो पाठवला. न्हाणीघराचं पाणी जिथे उतरतं तिथला दोन हात रुंद पट्टा बारा महिने ओला असतो. तिथे लावलेली तुळस सडली, मोगरा पिवळा पडला. तिने विचारलं, "मामा, एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहील असं काही सांग ना." अशा जागेसाठी आपल्याकडे दोन नावं चटकन ओठांवर येतात, अळू आणि वेखंड. दोन्ही मी वाढवली आहेत. ओलीवर दोन्ही पोसतात, पण त्यांच्याकडून मिळतं ते अगदी वेगळं.

मुळात ही दोन्ही झाडं एकाच कुळातली मानली जायची. दोघांचाही फुलोरा बोटासारख्या कणसाचा. पुढे जनुकीय अभ्यास झाला आणि वेखंड स्वतंत्र कुळात गेलं. बांधावर उभं राहून बघितलं तरी नातं जाणवत नाही. अळूची पानं रुंद, थेंब न धरणारी. वेखंडाची पानं तलवारीसारखी उभी, कमरेएवढी उंच, शीर मधोमध नसून जरा एका बाजूला, आणि एक कड बारीक चुण्या पडल्यासारखी. पान चुरगाळून नाकाशी धरा. गोडसर, तिखट, संत्र्याच्या सालीची आठवण करून देणारा वास येतो. रोपवाटिकेतून घेताना हीच परीक्षा करा. चुरगाळलेल्या पानाला नुसता गवताचा वास आला, तर ते रोप घेऊ नका.

पहिला प्रश्न सोपा आहे: त्या कोपऱ्यातून ताटात काही यायला हवं का? हवं असेल तर अळूला तोड नाही. जूनमध्ये कंद लावला की दीड-दोन महिन्यांत पानं खुडता येतात. श्रावणात वड्या, भाद्रपदात ऋषिपंचमीची भाजी, गौरींच्या जेवणात फदफदं, सगळं दारातलं. लावताना मात्र जात विचारून घ्या. वडीचा अळू काळपट देठाचा, भाजीचा हिरव्या देठाचा. घशाला खाज आणतात ते कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. म्हणून तर आपल्या प्रत्येक पाककृतीत चिंच, आमसूल किंवा आंबट ताक असतं. कापताना हाताला तेल लावायला विसरू नका.

अळू खादाड आहे. शेणखत कमी पडलं की पानं तळहाताएवढीच राहतात. भर पावसात पानांवर तपकिरी गोल डाग पडतात, ते वाढत जातात आणि चार-पाच दिवसांत अख्खं पान गळतं. हा बुरशीसारखा करपा आहे. डाग दिसला की ते पान लगेच काढून लांब टाकायचं, झाडं दाटीने ठेवायची नाहीत. आणि एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन: संडासाचं, गटाराचं किंवा कारखान्याजवळच्या ओढ्याचं पाणी येत असेल तिथला अळू खाऊ नका. हे झाड पाण्यातले जड धातू स्वतःत साठवतं. पान कितीही टवटवीत दिसलं तरी ते धातू पोटात जाणार आहेत.

आता वेखंड. हे सावकाश चालतं. पहिल्या वर्षी दोन-चार पात्या दिसतील आणि तुम्हाला वाटेल, जमलं नाही. धीर धरा. चिखलाखाली बोटाएवढा जाड कंद आडवा सरकत असतो, दुसऱ्या पावसाळ्यात त्याचा ताटवा होतो. कीड-रोग फारसे येत नाहीत, खतही कमी लागतं, थंडी तर हे युरोपातली बर्फाळ थंडीसुद्धा सोसतं. सोसत नाही ते कोरडेपण. अळूचं पाणी आटलं तर तो कंदात दडून बसतो आणि पहिल्या सरीला पुन्हा वर येतो. वेखंडाची माती कोरडी पडली की आधी पात्यांची टोकं करपतात, मग कंद सुकतो. तुमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत नळाला पाणी नसेल तर वेखंडाच्या फंदात पडू नका. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात तर दुपारची सावलीही हवी.

माझी एक चूक सांगतो. काष्ठौषधीच्या दुकानातून वेखंडाचे वाळके तुकडे आणून मी चिखलात पुरले होते. महिनाभर रोज बघत होतो, शेवटी काळे पडून कुजले. वाळवलेल्या कंदात जीव उरलेलाच नसतो. लावायला ओला, डोळा असलेला कंद हवा.

घरात वेखंडाचा उपयोग काय? माझ्या आजीच्या पेटीत पैठणीच्या घडीत मलमलच्या कापडात बांधलेले तुकडे असायचे. कसर लागायची नाही. पेटी उघडली की आधी तो वास यायचा, मग रेशमाचा. धान्याच्या डब्यात कीड येऊ नये म्हणूनही ते ठेवायचे. एवढ्यासाठी घरचं वेखंड पुरेपूर कामाचं आहे. साधारण वर्षभराने पानं पिवळी पडू लागली की कंद उपटा, मुळं खुडा, दोन-दोन इंचांचे तुकडे करून वाळवा.

बाळाच्या गुटीबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं, कारण आपल्या घरांत वेखंड म्हटलं की सहाणच डोळ्यांसमोर येते. भारतात वाढणाऱ्या वेखंडाच्या तेलात बीटा-अ‍ॅसरोन नावाचं द्रव्य बऱ्याच प्रमाणात असतं. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने गाठी झाल्या, आणि अमेरिकेने 1968 मध्ये वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली. सहाणेवरच्या चार वेढ्यांत ते किती उतरतं, हे घरी मोजता येत नाही. जास्त पोटात गेलं तर उलट्या होतात, आणि आयुर्वेदात ते वमनासाठी दिलं जायचं. आमच्या घरी नातवाला मी गुटीतलं वेखंड देऊ दिलं नाही. आत्याबाई रागावल्या, तरी नाही. परसात वेखंड आहे म्हणून बाळाच्या तोंडात घालू नका. औषध म्हणून घ्यायचंच असेल तर वैद्यांनी दिलेलंच घ्या.

कर्दळही ओल्या जागेत लावतात आणि लाल फुलं हवी असतील तर तीच बरी. ब्राह्मी जमिनीसरशी पसरते, पण वेखंडाच्या उंच पात्यांखाली दबून जाते.

गॅलरीत लावायचं असेल तर वेखंड जास्त सोपं पडतं. भोक नसलेली रुंद बादली घ्या, तळापासून चिकणमाती भरा आणि माती चिखलासारखी ठेवा. वर साचलेलं पाणी दिसू देऊ नका, डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ पाण्यात होतात. अळूला बादली पुरत नाही, पानं लहानच राहतात.

भाचीला ताटातलं नको होतं, आणि तिच्या न्हाणीत साबणाचं पाणी बरंच येतं. तिला मी वेखंड सांगितलं. अळूसाठी तुळशीवृंदावनामागची जागा सुचवली, तिथे हंड्याचं चांगलं पाणी सांडतं.

कोणाच्या परसातून मागणार असाल तर पावसाच्या तोंडाला जा. वीतभर कंद, टोकाला हिरवा कोंब असलेला, एवढं पुरे. ओल्या फडक्यात गुंडाळून आणा आणि त्याच दिवशी लावा: आडवा ठेवून, कोंब वर, अंगावर जेमतेम इंचभर चिखल, दोन कंदांत फूटभर अंतर.