आठ महिने रिझॉल्व्हवर: कुस्तीच्या फुटेजमध्ये डाव शोधताना

कुस्ती मैदानाच्या एडिटिंगमध्ये वेळ जातो तो कापण्यात नव्हे, शोधण्यात. कुंडलसारख्या मैदानात एखादी कुस्ती अर्ध्या मिनिटात चितपट, तर एखादी वीस मिनिटं नुसती झोंबाझोंबी. दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती आठ महिने सांगली भागातल्या मैदानांवर आणि लग्नांवर वापरल्यानंतरचा हा अनुभव, फक्त फुटेज बघण्यापुरता. रंग, टायटल यांवर बोलणारे पुष्कळ आहेत.

खरी परीक्षा कीबोर्डवरच्या 'जे' या बटणाची. एल पुढे, के थांबा, जे मागे. एल पुन्हा दाबलं की वेग वाढतो, के धरून जे किंवा एल दाबलं की सावकाश. पण कुस्तीत निकाल आधी कळतो आणि पोकळ घिस्सा हा डाव कुठून सुरू झाला ते मागे जाऊन बघावं लागतं. कॅमेऱ्यातली थेट एच.264 किंवा एच.265 (दाबून लहान केलेली) फाइल नेमकी इथेच अडखळते. तिच्यात पूर्ण चित्र अधूनमधूनच असतं, मधल्या फ्रेम म्हणजे नुसता फरक. मागे जायचं तर आधीच्या पूर्ण चित्रापासून दर वेळी उकलत यावं लागतं. त्यातून रंगाची जास्त माहिती साठवणारं 10 बिट 4:2:2 रेकॉर्डिंग असेल, तर एनव्हीडियाच्या 50 सिरीजआधीची ग्राफिक्स कार्डं हार्डवेअरवर ते उकलतच नाहीत. सारा भार प्रोसेसरवर.

बरेच जण मग प्लेबॅक मेनूतलं टाइमलाइन प्रॉक्सी रिझोल्यूशन हाफ करतात. नाव फसवं आहे. त्याने इफेक्ट, कलरचा भार हलका होतो. फाइल उकलण्याचं काम तेवढंच राहतं. हवी ती खरी प्रॉक्सी, म्हणजे मूळ क्लिपची हलकी नक्कल: प्रोजेक्ट सेटिंगमध्ये प्रॉक्सी फॉरमॅट डीएनएक्सएचआर एलबी, रिझोल्यूशन हाफ, मग मीडिया पूलमध्ये (आत घेतलेल्या क्लिपच्या यादीत) क्लिप निवडून राइट क्लिक आणि जनरेट प्रॉक्सी मीडिया. 25 फ्रेमच्या 4के क्लिपची अशी प्रॉक्सी तासाला साधारण 16 जीबी होते, 50 फ्रेमला दुप्पट. हिच्यातली प्रत्येक फ्रेम पूर्ण असते, त्यामुळे 'जे' लोण्यासारखं चालतं. जागा कमी असेल तर क्वार्टर चालेल, पण फोकस तपासताना प्रॉक्सी बंद करा. 960 बाय 540 मध्ये सगळंच शार्प दिसतं.

निकाल शोधायला सोर्स व्ह्यूअरच्या तीन ठिपक्यांच्या मेनूतून पूर्ण क्लिपचा वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) चालू करा. पब्लिकचा गलका उंचवट्यासारखा उठतो. तिथे क्लिक करायचं आणि 'जे' दाबायचं. हलगीजवळच्या कॅमेऱ्याचा वेव्हफॉर्म मात्र सरळ भिंत असतो, उपयोग शून्य. निवेदकाच्या माइकची लाइन घेतलेला ट्रॅक बघावा.

कट पेजवरचा सोर्स टेप लग्नाला झकास: बिनमधल्या (क्लिपच्या फोल्डरमधल्या) सगळ्या क्लिप एकाच पट्टीवर, हळदीपासून वरातीपर्यंत. टाइमकोडने (क्लिपवर नोंदलेल्या वेळेने) लावायच्या तर दोन्ही कॅमेरे फ्री रनवर (रेकॉर्डिंग थांबलं तरी घड्याळ चालू) आणि सकाळीच एका वेळेला जुळवलेले हवेत, नाहीतर अक्षता आधी आणि अंतरपाट नंतर! तिथलंच फास्ट रिव्ह्यू बटण लांब क्लिप जोरात पळवतो, छोटी सावकाश. अँगल निवडायला पुरे, मंगलाष्टकं ऐकायला नाही.

पहिली क्लिप मीडिया पूलमध्ये घेण्याआधीच प्रोजेक्टचा फ्रेम रेट 25 करा; मग बदलता येत नाही. पाहुण्यांच्या मोबाइलच्या क्लिप बदलत्या फ्रेम रेटच्या असतात, त्या हँडब्रेक या फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट 25 करूनच आत घ्या, नाहीतर सनईचा आवाज चित्राच्या पुढेमागे सरकत जातो.